बाटलीमागे एक सोयरा

आबांशी हात मिळवायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. मी आपला नवखा, नुकताच लॅब टेक्निशियनचा कोर्स करून आलेला. समोर पांढरी टोपी, धोतर आणि काळा कोट घातलेला एक वाळकुडा गृहस्थ उभा. त्यांनी हात पुढे केला, मी दिला. तो काही सुटेना. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी बाही वर सारली, कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नस बरी शे. कोणता गावना शेस तू?"

आधी नस, मग गाव. नाव तर त्यांनी दोन दिवसांनी विचारलं, तेही पगारपत्रकात लिहायचं होतं म्हणून.

धुळ्यात देवपूरच्या बाजूला एक धर्मादाय दवाखाना होता, त्याच्या रक्तपेढीत आबा कारकून होते. रक्तपेढी म्हणजे तरी काय? दोन खोल्या, एक फ्रिज, एक लोखंडी खाट आणि भिंतीवर कोणी तरी रंगवलेला रक्ताचा थेंब. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रक्त तेव्हा काचेच्या बाटलीत घ्यायचे. आबांचं काम रजिस्टर लिहिण्याचं, पण ते लिहायचो मी, कारण आबा कायम माणसं आणायला गेलेले असत. एस्टीत कंडक्टरने तिकीट द्यायला हात पुढे केला की यांनी तो धरलाच. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढणाऱ्या पोरांचे दंड बघायचे आणि शेजारच्याला सांगायचे, हा पोरगा ओ असणार, चालण्यावरूनच दिसतं. चालण्यावरून रक्तगट कळत नाही हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. ते म्हणायचे, तुला नाही कळत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पाचोऱ्याचे 'ए पॉझिटिव्ह मास्तर', स्टँडवरचा 'एबी रसवाला', आणि ज्यांच्या घरी ते भाड्याने राहत त्या घरमालकीणबाई म्हणजे 'आमच्या बी निगेटिव्ह'. त्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं की ही काही तरी शिवी आहे. शेवटी त्यांनी भाडं वाढवायची धमकी दिली, तेव्हा आबांनी त्यांना समजावलं की असं रक्त मोठ्या नशिबाने मिळतं. त्या दिवसापासून बाई स्वतःच सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या.

आता आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा रक्त द्या म्हटलं की भला मोठा पहिलवानसुद्धा पांढरा पडायचा. पेशंट ट्रॅक्टरमधून यायचा, बरोबर वीस-पंचवीस माणसं. सगळी जिवाला जीव देणारी. डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्त लागेल म्हटलं, की कोणाला चहाची तल्लफ यायची, कोणाचे बैल उपाशी असायचे, कोणाला आठवायचं की आपल्याला तर लहानपणी कावीळ झाली होती. पाच मिनिटांत व्हरांड्यात पेशंटची म्हातारी आई आणि आम्ही दोघे. जे चारदोन उरायचे त्यांच्या शंका वेगळ्या. एकदा गेलेलं रक्त पुन्हा होतं का? नांगर धरता येईल का? लग्न ठरलंय, काही कमी तर होणार नाही ना? एकाने विचारलं होतं की माझं रक्त त्याच्या अंगात गेलं, आणि उद्या तो मेला, तर अर्धा मी पण जाणार का. मी हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितलं, "इहीर उपसी म्हणजे आटी जास का? उलटा झरा मोकळा व्हस." त्याने दिलं रक्त. पुढे दर तीन महिन्यांनी झरा मोकळा करायला येऊ लागला.

पण विहिरीचा दाखला सगळ्यांना लागू पडत नसे. म्हणून आबांनी आपली एक पद्धत काढली होती. दवाखान्याच्या नियमात ती कुठेच बसत नव्हती आणि डॉक्टरांनी दोनदा त्यांना त्यापायी झापलंही होतं. कोणाची बाटली कोणाला गेली हे आबा बिनदिक्कत दोन्हीकडे सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, तर दोघांना समोरासमोर उभं करून जाहीर करायचे की रगत दिलं म्हणजे नातं झालं, आजपासून तुम्ही सोयरे. आमच्या खान्देशात सोयरा हा काय प्रकार आहे हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सोयऱ्याला लग्नात टॉवेल-टोपी द्यावीच लागते, नाही दिली तर तो पुढची वीस वर्षं बोलून दाखवतो. अनोळखी माणसाला रक्त द्यायला जो घाबरतो, तो सोयऱ्याला नाही म्हणायला त्याहून जास्त घाबरतो. आबांनी हे बरोबर हेरलं होतं.

त्यातून एकेक गमती व्हायच्या. पाचोऱ्याकडच्या एका एस्टी ड्रायव्हरने शिंदखेडा तालुक्यातल्या एका बाईला रक्त दिलं. आबांनी दोघांना बहीण-भाऊ करून टाकलं. मग काय, त्याची ड्यूटी त्या रूटवर लागली की गाडी त्या गावाच्या फाट्यावर उभी. थांबा नसताना. बाई डबा घेऊन येणार, हा खाली उतरून पोरांना खाऊ देणार आणि आतले प्रवासी ओरडत बसणार. कोणी तक्रार केली तर म्हणायचा, बहिणीचं गाव आहे, तसाच पुढे जाऊ का? आणि एकाच बांधावरून कोर्टात भांडणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं, तेव्हा आबांना वाटलं होतं की आता खटला मिटणार. कसला मिटतो? पहिला म्हणू लागला की माझं रक्त घेऊन हा माझ्यावरच केस लढतोय. फरक एवढाच पडला की तारखेला दोघे एकाच गाडीने, शेजारी बसून जाऊ लागले. आबा त्यावरही खूश होते.

वैशाखात आबा रक्तपेढीत सापडायचेच नाहीत. एकेका दिवसात चार चार लग्नं. त्यांच्याकडे एवढे टॉवेल जमले होते की वॉर्डातल्या पेशंटांना ते वाटत फिरत.

त्यांची एकच गोष्ट मला खटकायची, आणि मी ती तोंडावर बोलायचो. जो नातेवाईक पळून जायचा, त्याच्या घरच्यांना आबा सांगायचे, त्यांचं जुळलं नाही हो, नाहीतर ते द्यायला तयार होते. अहो, जुळलं नाही काय? बोटाला सुईसुद्धा टोचली नव्हती. ज्याचा पत्ता नाही त्याचं रक्त मी कुठल्या काचेवर तपासणार? मला याचा संताप यायचा. एकदा मी म्हणालो की हे शुद्ध खोटं आहे आणि तुम्ही माझ्या लॅबच्या नावावर खपवता. आबांनी गूळ-शेंगदाण्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, पळालेला माणूस उद्या परत येऊ शकतो, लाजवलेला येत नाही. मी शेंगदाणे खाल्ले, पण मला पटलं नाही.

हे पटायला माझं लग्न मोडायची वेळ यावी लागली.

झालं असं. शिंदखेड्याजवळच्या एका गावातून एक मुलगी आणली होती. कॉलेजात पहिल्या वर्षाला. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर उलटला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला दोन बाटल्या हव्या होत्या, फ्रिजमध्ये त्या गटाची एकच. बरोबर तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, आणि नानांची थोरली बहीण अक्का. ही अक्का म्हणजे त्या घराचं सुप्रीम कोर्ट. मी नानांना तपासायला बोलावलं. ते खाटेपर्यंत आले, बाटली बघितली, नळी बघितली, सुई बघितली. म्हणाले, पाहुण्याची सायकल आणली आहे, कुलूप लावून येतो.

दिवेलागणीला परत आले. तोवर मुलीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. दुसरी बाटली माझी होती. माझा गट जुळत होता आणि वाट बघायला वेळ नव्हता, एवढंच. त्यात माझा काही पराक्रम नाही. आबांनी शिरस्त्याप्रमाणे अक्कांना सांगितलं की नानांचं जुळलं नाही. नानांनाही तेच सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत न बघता. मग मला पुढे ओढून जाहीर केलं की या पोराचं रक्त तुमच्या घरात आलंय, आता हा घरचा. मुलीला घरी सोडलं त्या दिवशी अक्कांनी भर वॉर्डात माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. मुलगी खाटेवर बसून हसत होती. ते हसू माझ्या डोक्यातून गेलं नाही. आता लपवून काय करू, त्यानंतर तीन वर्षं मी लग्नाचा विषय निघाला की काही तरी खुसपट काढायचो.

आणि मग माझ्या आईने कोणाकोणाला सांगून जी स्थळं मागवली, त्यातल्या एका पाकिटातून तिचाच फोटो निघाला. जातपात, घरदार, पत्रिका, सगळं बसत होतं. मी आईला म्हटलं, हीच बघू. आईला वाटलं पोरगं शहाणं झालं.

आम्ही गेलो. बैठक भरली, पोहे आले, पोहे घेऊन ती आली. मी मान खाली घालून बसलो होतो, पण अक्कांनी मला एका नजरेत ओळखलं. आधी त्यांना कोण आनंद झाला. माझ्या आईचे हात धरले. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला आणि त्या खाली बसल्या.

"हाऊ ते हिना भाऊ शे," त्या म्हणाल्या. "यानं रगत हिना आंगमा शे. भाऊ-बहीणनं लगीन कोठे व्हस का?"

मी म्हटलं की अक्का, वैद्यकशास्त्रात असं काही नाही. अक्का म्हणाल्या की शास्त्राचं तू बघ, टोपी मी घातली आहे. जमलेली चार म्हातारी माणसंही माना हलवू लागली. नाना कोपऱ्यात बसले होते, ते एवढंच म्हणाले की अक्का म्हणते ते बरोबर आहे, हे व्हायचं नाही. माझ्या आईला तर काहीच कळेना. परतीच्या एस्टीत मी तिला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, रक्त द्यायला दुसरं कोणी मिळालं नाही का तुला?

दुसऱ्या दिवशी मी आबांवर तोफ डागली. म्हटलं, तुमच्या सोयरिकीने माझं घर बुडवलं. जिच्याशी लग्न करायचं तिचा मला भाऊ करून बसलात. आता निस्तरा. आबांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, कोट झटकला आणि आम्ही पहिल्या गाडीने निघालो. वाटेत ते एकाही प्रवाशाचा हात धरायला गेले नाहीत, यावरून काय ते समजा.

नानांच्या ओसरीवर पुन्हा सगळी जमली. आबांनी आधी शास्त्राचा सूर लावला. रक्ताचं आयुष्य असतं चार महिने. बाहेरून आलेलं रक्त चार महिन्यांत संपतं, अंग आपलं नवं तयार करतं. तीन वर्षांनंतर या पोराचा एक थेंबही हिच्यात उरलेला नाही. हे मात्र खरं होतं, मी जोरात मान हलवली. अक्का शांतपणे म्हणाल्या, मग आमच्या शेजारच्या गावी तो एस्टी ड्रायव्हर अजून भाऊबीजेला येतो तो काय म्हणून? आणि तुम्ही दर वर्षी सोयरा म्हणून आमच्याकडे भरीत-भाकरी खाऊन जाता, ते चार महिन्यांनी का नाही थांबवलं? आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

मग ते सरसावून बसले. म्हणाले, बरं, नातं आहे, मान्य. पण मी सख्खा भाऊ कधी म्हटलं? मी म्हटलं, घरचा. आतेभाऊ का नको? मामाची पोरगी तर आतेभावाला हक्काची, आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या देतात. अक्का म्हणाल्या, आतेभाऊ कसा? हिची आते मी. मला कुठे मूल आहे? आबा म्हणाले, "मग हाऊ तुमनाच पोरगा समजा, अक्का. टोपी तुम्हीच घाली ना याले?"

तरुणपणी नवरा गेलेली, आयुष्य भावाच्या घरी काढलेली बाई ही अक्का. पदराने त्यांनी नाक पुसलं, माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या की असं असेल तर मग भावाने आपली पोर मला द्यायलाच हवी, माझा हक्कच आहे. माणसं हसली. आबा माझ्याकडे बघून अशी मिशी पिळायला लागले, की जणू मिशी आहेच त्यांना. मला वाटलं, झालं आपलं काम.

तेवढ्यात नाना म्हणाले, नाही.

अक्कांनी विचारलं, आता काय राहिलं? नाना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. मग म्हणाले की लग्नात मला या पोराचे पाय धुवावे लागणार. पाय धुवायला माझी हरकत नाही, पण तोंड कसं वर करू? जे मी करायचं ते याने केलं. मला हा जन्मभर समोर दिसत राहील.

"तुमनं जुळनं नही, त्याले तुम्ही काय करशात?" अक्का म्हणाल्या.

"ते खोटं शे," नाना म्हणाले. "तपासंच नही त्यास्नी. मी पळी गयथू. माले सुईनं भेव वाटनं."

अक्कांनी आबांकडे बघितलं. आबा खाली बघत म्हणाले की होय, मी खोटं बोललो होतो. मी त्या क्षणी आबांवर रागवायला हवं होतं, कारण हेच तर मी त्यांना तीन वर्षं सांगत होतो. पण मला नानांकडे बघवत नव्हतं. मी पहिल्यांदा त्या खोट्याला मनातल्या मनात हात जोडले.

मग आतल्या दारातून ती बोलली. तिला पुढे यायला कोणी सांगितलं नव्हतं.

"नाना, मला तेव्हाच माहीत होतं. माझी खाट खिडकीशी होती. तुमची सायकल फाटकातून जाताना मी बघितली. संध्याकाळी परत येतानाही बघितली."

नाना उठले. खुंटीवरची टोपी घेतली, वहाणा घातल्या आणि बाहेर पडले. अक्का म्हणाल्या, पुन्हा गेला. आम्ही दिवस मावळेपर्यंत थांबलो. शेवटची गाडी चुकेल म्हणून निघालो, तोवर काही ते आले नव्हते. आबा वाटभर मला समजावत होते की सोन्यासारखी पोर आहे, मी काहीतरी करतो. मी त्यांना म्हटलं, कृपा करून आता काही करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तपेढी उघडायला आलो, तर बाकावर नाना बसलेले. धोतर घोट्यापर्यंत धुळीने भरलेलं. रात्री धुळ्यात कोणा पाहुण्याकडे मुक्काम केला म्हणाले. मी काही विचारायच्या आत सदऱ्याची बाही त्यांनी स्वतःच वर केली. त्यांचा गट तपासला. त्यांच्या मुलीचा आणि माझा होता तोच. वजन केलं, ब्लडप्रेशर बघितलं, सगळं ठीक. खाटेवर झोपवलं. होणाऱ्या सासऱ्याला सुई टोचायची पाळी किती जावयांवर येते मला माहीत नाही, पण मी स्पिरिटचा बोळा तीनदा फिरवला हे कबूल करतो. नानांनी डोळे गच्च मिटले होते आणि दुसऱ्या हाताने खाटेची पट्टी एवढी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. दुखेल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुंगी चावल्यासारखं. ते म्हणाले, खोटं बोलू नको. मी म्हटलं, त्यापेक्षा जरा जास्त.

बाटली भरत असताना त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत मला सांगितलं की आईला घेऊन ये, सुपारी फोडून घेऊ. मी हो म्हटलं.

तेवढ्यात आबा आले. खाटेवर नानांना बघून दारातच थबकले. मग नेहमीच्या सवयीने रजिस्टर उघडलं, वॉर्डची यादी बघितली. त्या दिवशी त्याच गटाची बाटली हवी असलेली एक बाळंतीण होती, कुठल्या तरी कापसाच्या जिनिंगमधल्या मजुराची बायको. आबांचा चेहरा खुलला. नव्या सोयऱ्याचं गाव आणि नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

नानांनी मोकळा हात वर केला.

"कोनले जाई ते माले सांगू नका, आबा," ते म्हणाले. "मी मन्ही पोरले दिधं, आसं समजसू."

आबांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्या हातात दिलं.